संज्ञापनविद्येची घराणी आणि अर्जदार

अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात संज्ञापन या विषयाच्या एम.ए. किंवा पीएच.डी. अभ्यासक्रमास प्रवेश मिळावा म्हणून पुण्या-मुंबईकडचे, आणि अलीकडे लातूर-नांदेडकडचेही, जे पदवीधर दरवर्षी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत अर्जाच्या खटपटीत असतात, त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. परीक्षांचे गुण, शुल्क, व्हिसा आणि मुदतीच्या तारखा यांची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. परंतु ज्या विभागाकडे आपण अर्ज करीत आहोत तो कोठून आला, त्याचे पूर्वसूरी कोण आणि त्याच्या दृष्टीने संशोधन म्हणून काय गणले जाते, याची चौकशी फारच थोड्यांनी केलेली असते. ही चौकशी इतिहासाच्या हौसेखातर करावयाची नाही. अर्ज मंजूर होणार की नामंजूर, याचा निकाल बव्हंशी तिच्यावरच अवलंबून असतो, आणि विद्यार्थ्याला जो विद्यावेतनाचा पैसा मिळतो त्याचा उगमही तिच्यातूनच सापडतो, असे माझे मत आहे. आणि या विषयातील प्रवेशाच्या एकंदर प्रश्नाचा आढावा त्याच अंगाने घेण्याचा येथे विचार आहे.

संज्ञापनाचे एकच एक शास्त्र अमेरिकेत कधीच नव्हते. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांतून निघालेली तीन-चार घराणी एका नावाखाली नांदू लागली, आणि गाण्यातल्या घराण्यांप्रमाणेच प्रत्येकाने आपली तालीम, आपले गुरू आणि दुसऱ्याच्या गायकीविषयीची थोडीशी तुच्छता जपून ठेवली. त्यांपैकी परंपरेने वडील घराणे वक्तृत्वाचे. १९१४ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेचे अधिवेशन भरले असता, वाङ्मयाच्या विभागांत आपल्या विषयाची गणना दुय्यम म्हणून होते अशी तक्रार असलेल्या, वक्तृत्व शिकविणाऱ्या सतरा शिक्षकांनी वेगळी संघटना काढली; तीच नावे बदलत बदलत आजची ‘नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन’ झाली. या घराण्यात भाषणांचे, चळवळींच्या घोषणांचे, न्यायालयीन युक्तिवादांचे आणि सार्वजनिक स्मारकांचेही सूक्ष्म वाचन हेच संशोधन होय. एकही कोष्टक न घालता प्रबंध पुरा होतो आणि त्यात कोणास उणेपणा वाटत नाही. त्याच छत्राखाली पुढे दोन व्यक्तींमधील, कुटुंबातील आणि कचेरीतील संभाषणाचा मानसशास्त्रीय पद्धतीने अभ्यास करणारी शाखा वाढली, जिची आणि वक्तृत्वमीमांसेची गाठ आज बहुधा विभागाच्या सभेतच पडते.

दुसरे घराणे वृत्तपत्रांचे. मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेची स्वतंत्र शाळा काढली, तेव्हा तेथील भर बातमीवर आणि छापखान्यावर होता. उलट विस्कॉन्सिन येथे विलार्ड ब्लायर यांनी पत्रकारितेला इतिहास, राज्यशास्त्र व समाजशास्त्र यांची जोड देऊन तिला संशोधनाच्या वाटेवर आणले. तिसरे घराणे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य म्हणावे लागेल. व्हिएन्नाहून आलेले पॉल लाझार्सफेल्ड कोलंबिया विद्यापीठात रेडिओच्या श्रोत्यांची आणि मतदारांची पाहणी करीत होते, कार्ल हॉवलँड लष्करासाठी चित्रपटांचा सैनिकांच्या मनावरील परिणाम मोजत होते, आणि आयोवा येथे इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करणारे विल्बर श्रॅम युद्धकाळात वॉशिंग्टनच्या सरकारी माहितीखात्यात काम करून परतले ते जनसंज्ञापनाच्या स्वतंत्र डॉक्टरेटची योजना घेऊनच. १९४७ साली त्यांनी इलिनॉय येथे संशोधनसंस्था उभारली, पुढे ते स्टॅनफर्डला गेले, आणि त्यांच्या शिष्यप्रशिष्यांनी देशभरच्या विभागांत प्रश्नावली, नमुनापाहणी आणि संख्याशास्त्र यांचा अंमल बसविला. चौथे घराणे समुद्रापलीकडचे: बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ साली स्थापिलेले आणि जमैकात जन्मलेल्या स्टुअर्ट हॉल यांनी नावारूपास आणलेले संस्कृती-अभ्यासाचे केंद्र. ते २००२ साली त्या विद्यापीठानेच बंद केले. तथापि त्याची दृष्टी तोवर अमेरिकेतील कित्येक विभागांत घर करून बसली होती.

या इतिहासात आपण कोठे होतो? विद्यार्थी म्हणून तर होतोच, पण त्याहून अधिक क्षेत्र म्हणून होतो. लाहोर येथे १९४१ साली पंजाब विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग काढणारे पी. पी. सिंग हे मिसुरीत शिकून आलेले होते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली हा विषय सुरू करण्यासाठी सिरॅक्यूजचे प्राध्यापक रोलंड वुल्सली फुलब्राइट योजनेखाली आले. आणि १९६५ साली दिल्लीत जी भारतीय जनसंचार संस्था निघाली तिच्यामागे फोर्ड प्रतिष्ठानाने धाडलेल्या ज्या तज्ज्ञमंडळाच्या शिफारशी होत्या, त्यात खुद्द श्रॅम होते. परंतु मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा प्रसंग १९५६ चा. पुणे आकाशवाणी केंद्राने त्या साली सुमारे दीडशे मराठी गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापून, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकवून, त्यावर गावकऱ्यांत चर्चा घडवून आणली आणि त्या चर्चेचे अहवाल व प्रश्न केंद्राकडे मागविले. त्या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, तिचे नेतृत्व कोलंबियात शिकलेल्या पॉल न्यूराथ यांच्याकडे होते, आणि तिचा वृत्तांत युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. ज्या गावांत चर्चामंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत झालेली वाढ नुसता रेडिओ असलेल्या किंवा रेडिओ नसलेल्या गावांपेक्षा पुष्कळच अधिक होती, हा त्यातला निष्कर्ष विकास-संज्ञापनाच्या वाङ्मयात पुढे कितीदा तरी उद्धृत झाला. नगर, नाशिक, कोल्हापूरकडची माणसे या शास्त्रात अशी शिरली ती उत्तरे देणारी म्हणून. प्रश्न बाहेरून आले होते. आजचा मराठी अर्जदार प्रश्न विचारणारा होऊ पाहतो, एवढ्याच एका कारणासाठी त्याच्या अर्जाकडे मला नुसत्या परदेशगमनाच्या कागदाहून अधिक आस्थेने पाहावेसे वाटते.

आता या घराण्यांची विभागणी पाट्यांवरून ओळखता आली असती तर काम सोपे होते. ती तशी येत नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसन या एकाच विद्यापीठात ‘कम्युनिकेशन आर्ट्‌स’ हा विभाग आहे, पत्रकारिता व जनसंज्ञापन यांची शाळा आहे, आणि ‘लाइफ सायन्सेस कम्युनिकेशन’ म्हणून तिसरा विभाग कृषिमहाविद्यालयाच्या अंगाने वाढलेला आहे. तिघेही डॉक्टरेटचे विद्यार्थी घेतात, आणि एकाकडे हुशार ठरेल असा अर्ज दुसऱ्याकडे अप्रस्तुत ठरू शकतो. आयोवात ‘कम्युनिकेशन स्टडीज’ एकीकडे आणि पत्रकारिता दुसरीकडे. नॉर्थवेस्टर्न येथे संज्ञापनाची शाळा वेगळी आणि मेडिल ही पत्रकारितेची शाळा वेगळी. पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांतील संज्ञापनशाळा एकाच दात्याच्या, वॉल्टर ॲननबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जातात म्हणून त्या एकाच संस्थेच्या शाखा होत असा समज करून घेऊन दोघांना एकच निवेदन पाठविणारेही आढळतात. ‘कम्युनिकेशन डिसऑर्डर्स’ हा तर वाचादोषांच्या उपचाराचा, वैद्यकाच्या शेजारचा विषय. तेथे अर्ज गेला तर शुल्क बुडाले म्हणावयाचे. पाटीवर न जाता त्या विभागातील प्राध्यापकांचे गेल्या चार-पाच वर्षांतील लेख आणि तेथून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची शीर्षके वाचावीत, हा एकच भरवशाचा उपाय; त्यात एक महिना जातो, आणि तो महिना जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या शब्दसूचीवर घालविलेल्या महिन्यापेक्षा कितीतरी पटींनी फलद्रूप होतो.

यापुढची बाब उद्देशनिवेदनाची, ज्याला विद्यार्थी सरसकट ‘एसओपी’ म्हणतात. या हजारभर शब्दांच्या कागदावर आमच्याकडे जितका खर्च आणि जितका अत्याचार होतो तितका अर्जाच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर होत नसावा. सल्लागार म्हणविणारी दुकाने तो ठरावीक साच्यात पाडून देतात: पहिल्या परिच्छेदात लहानपणी आजोबांबरोबर वर्तमानपत्र वाचल्याची आठवण, दुसऱ्यात महाविद्यालयीन पारितोषिके, तिसऱ्यात माध्यमविचारक मार्शल मॅक्लुहन यांचे नाव, आणि शेवटी त्या विद्यापीठाच्या ‘जागतिक कीर्तीच्या अध्यापकवर्गा’ची स्तुती. निवडसमितीवरचे अध्यापक असले दीडशे-दोनशे अर्ज नाताळच्या आगेमागे वाचतात. आजोबांची आठवण त्यांना निश्चितच स्पर्श करीत नाही.

एक काल्पनिक अर्जदार घेऊ. तो सांगलीकडचा आहे, एम.ए.ला त्याने सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीतील प्रचारावर लघुप्रबंध लिहिला आहे, आणि मतदानाच्या आदल्या रात्री सभासदांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरलेली एक ध्वनिफीत बनावट आहे असा संशय असतानाही पुष्कळांनी ती पुढे पाठविली, असे त्याला त्या वेळी आढळले होते. त्याच्या पहिल्या मसुद्यात हे सारे एका ओळीत, ‘समाजमाध्यमांच्या प्रभावाचा अभ्यास केला’ अशा शब्दांत आटोपलेले असते, कारण साखर कारखाना हा विषय अमेरिकेत सांगण्याजोगा नाही अशी त्याची समजूत आहे. वास्तविक त्याची सगळी दौलत त्या ध्वनिफितीतच आहे. संशय असूनही माणसे का पाठवितात? हा प्रश्न त्याने पहिल्याच वाक्यात मांडला, की मग चारही घराण्यांचे दरवाजे वेगवेगळ्या बाजूंनी उघडतात. वक्तृत्वमीमांसेच्या विभागासाठी तो त्या फितीतील बोलीचा, उपरोधाचा आणि शपथेच्या भाषेचा विचार करील; मोजणीवाल्यांसाठी दोन तालुक्यांतील सभासदांची नमुनापाहणी करून फिरविणाऱ्याचा फितीवरील विश्वास आणि गटाशी असलेली निष्ठा या दोन कारणांना वेगळे करण्याची योजना सांगेल; पत्रकारितेच्या शाळेसाठी तालुक्याच्या वार्ताहराने ती बातमी का दिली नाही, याचा शोध घेईल; आणि संस्कृती-अभ्यासवाल्यांसाठी त्या गटांत भावकी, जात आणि पॅनेल यांची सरमिसळ कशी होते याकडे वळेल. सामग्री तीच, पण चार निवेदने अगदी निराळी. आणि जो अर्जदार ही चारही एकाच निवेदनात कोंबतो, त्याला आपण कोणता अभ्यास करणार हे ठाऊक नाही असा निष्कर्ष समिती काढते, तो अन्यायाचा म्हणता येत नाही.

आपल्या मुलुखाचे विषय तेथे अपरिचित असतात हीही आता पूर्वीइतकी खरी गोष्ट नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात असताना जॉन ड्यूई यांच्या वर्गांना बसले होते हे सर्वश्रुत आहे. त्या ऋणानुबंधावर आणि आंबेडकरांच्या लेखन-भाषणांतील युक्तिवादावर टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संज्ञापन विभागातील स्कॉट स्ट्राउड यांचा सविस्तर ग्रंथ २०२३ साली शिकागोहून प्रसिद्ध झाला आहे. ‘मूकनायक’, कीर्तन, जलसे, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा यांवर लिहू इच्छिणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण उरलेले नाही. मात्र तो विषय समितीला समजेल इतक्या तपशिलाने आणि तिच्या पद्धतीच्या परिभाषेत मांडण्याचे श्रम त्यालाच करावे लागतील.

शिफारसपत्रांची कथा निराळी आणि काहीशी खेदाची आहे. तीन पत्रे लागतात, ती अर्जदाराच्या हाती न देता प्राध्यापकाने थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवावयाची असतात, आणि त्यांत अर्जदाराच्या बुद्धीचा, लेखनाचा आणि चिकाटीचा नेमका पुरावा अपेक्षित असतो. आमच्याकडचा शिरस्ता असा, की विद्यार्थी भीत भीत सरांच्या खोलीत जातो आणि सर मायेनेच म्हणतात, “अरे, तूच लिहून आण, मी सही करतो.” तीनही सरांनी असेच म्हटले म्हणजे एकाच हातची, एकाच इंग्रजीतली, ‘कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ’ या विशेषणांची तीन पत्रे तयार होतात; ती एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्यास त्यातला प्रकार कळण्यास वेळ लागत नाही. दोष केवळ प्राध्यापकांचा नाही. तासिका तत्त्वावर चार महाविद्यालयांत धावणाऱ्या अध्यापकाला ना स्वतःचे टेबल असते, ना महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल पत्ता, आणि खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे परदेशी कचेरी संशयाने पाहते. अशा स्थितीत अर्जदाराने पत्र स्वतः लिहिण्याऐवजी सरांच्या हाती एक टिपण द्यावे: आपण त्यांच्या कोणत्या तासाला कोणता निबंध लिहिला, त्यावर त्यांनी कोणता शेरा मारला होता, नंतर त्यात आपण कोणता फेरफार केला, आणि वर्गात आपला क्रमांक कितवा होता. त्यातून सरांनी चार वाक्ये जरी आपल्या भाषेत लिहिली तरी ते पत्र जिवंत होते. क्रमांकाचा उल्लेख विशेष गरजेचा, कारण आमच्याकडे ज्या साठ टक्क्यांना प्रथम वर्ग म्हणून मान आहे, तेच साठ टक्के अमेरिकन डोळ्यांना जेमतेम उत्तीर्णाचे वाटतात. आणि टक्क्यांचे स्वतःच्या मनाने चार गुणांच्या मापात रूपांतर करून लिहिणे तर कोणी करूच नये.

लेखननमुना म्हणून वीस-पंचवीस पानांचा एखादा निबंध द्यावा लागतो, एम.ए.च्या लघुप्रबंधातले सर्वांत चांगले प्रकरण नीट संपादून दिले की पुरते, मराठीत लिहिले असेल तर अनुवाद करून. जीआरई ही परीक्षा २०२० नंतर पुष्कळ विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. २०२३ च्या सप्टेंबरपासून ती दोन तासांच्या आत आटोपते. तिचा बाऊ करण्याचे दिवस गेले. तीन वर्षांच्या बी.ए.वर काही विद्यापीठे अडवणूक करतात, परंतु त्यावर एम.ए. असल्यास ती हरकत सहसा राहत नाही. गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठी आपल्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चलन, शिक्का, सही आणि ‘साहेब रजेवर आहेत’ या चक्रातून जावे लागते, तेव्हा ते काम गणेशोत्सवापूर्वीच उरकून घेतलेले बरे.

इंग्रजीच्या परीक्षेचे मात्र इतके सहज सोडता येत नाही, आणि त्याचे कारण पैशात आहे. अमेरिकन राज्य-विद्यापीठांतील संज्ञापन विभाग आपल्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी, आरोग्यविमा आणि नऊ महिन्यांचे वेतन देतात ते दानधर्म म्हणून नव्हे. त्या विद्यापीठांत पदवीच्या हजारो विद्यार्थ्यांना सार्वजनिक भाषणाचा एक पायाभूत अभ्यासक्रम घ्यावा लागतो, त्याचे वीस-पंचवीस जणांचे असंख्य वर्ग भरतात, आणि ते वर्ग शिकविण्यास जो स्वस्त अध्यापकवर्ग लागतो तो म्हणजे हेच संशोधक विद्यार्थी. शिकागोत वेगळे झालेल्या त्या वक्तृत्वशिक्षकांचा वारसा असा आजच्या विद्यावेतनाच्या रूपाने उभा आहे. म्हणून सांगलीच्या मुलाने पहिल्याच सत्रात आयोवा किंवा नेब्रास्काच्या शेतकऱ्यांच्या मुलांपुढे उभे राहून भाषणाची रचना कशी करावी, हे शिकवावयाचे असते. त्यासाठी टोफेलमधील बोलण्याच्या भागाचे गुण वेगळे पाहिले जातात, आणि तेथे गेल्यावरही पुष्कळ ठिकाणी तोंडी चाचणी होते. (टोफेलची १२० गुणांची जुनी मोजणी जानेवारी २०२६ पासून बदलून एक ते सहा अशी झाली आहे, हे जुन्या मार्गदर्शिका वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) गंमत अशी, की ज्या प्रांतात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालते आणि ज्या प्रांतातील महाविद्यालयीन तरुण गावोगावच्या वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचे करंडक मिळवीत हिंडतात, तेथील अर्जदार त्या करंडकांचा उल्लेख ‘अभ्यासेतर’ या सदरात तळाशी टाकतो किंवा गाळतो. शिकविण्याचा अनुभव, वक्तृत्वाचे परीक्षण, कनिष्ठांची तयारी करून घेणे, या गोष्टी त्या विभागांच्या नजरेत थेट नोकरीची पात्रता आहेत.

पीएच.डी.ला वेतन असते आणि एम.ए.ला बहुधा नसते, हा भेद नीट न कळल्यामुळे जितकी कुटुंबे कर्जात गेली तितकी अन्य कशामुळे गेली नसतील. व्यावसायिक स्वरूपाची एम.ए. पदवी हे मोठ्या शहरांतील खाजगी विद्यापीठांचे उत्पन्नाचे साधन आहे. राहण्या-जेवण्यासह तिचा एका वर्षाचा खर्च साठ-सत्तर लाख रुपयांच्या घरात सहज जातो, आणि साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जास आपल्या बँका सामान्यतः तारण मागतात, म्हणजे बापाचे घर किंवा जमीन गहाण पडते. अभियांत्रिकीच्या पदवीधराला शिक्षणोत्तर कामाच्या परवान्यात जी दोन वर्षांची वाढ मिळते, ती संज्ञापनातील बहुसंख्य अभ्यासक्रमांना नसते. परवान्याच्या एका वर्षात नोकरी आणि व्हिसाचा प्रायोजक दोन्ही मिळविणे पत्रकारितेच्या सध्याच्या मंदीत किती कठीण आहे हे सांगावयास नको. वेतनाविना पीएच.डी. आणि तारणावर एम.ए., या दोन्ही गोष्टी करू नयेत असे मी विचारणाऱ्यास स्पष्ट सांगतो. ज्यांना दुसरे मत घ्यावयाचे असेल त्यांनी अवश्य घ्यावे. आयोवा-नेब्रास्कासारख्या ठिकाणच्या काही राज्य-विद्यापीठांत वेतनासह एम.ए. करता येते, परंतु त्यांची नावे आमच्याकडे चमकत नाहीत म्हणून अर्ज जात नाहीत.

शिष्यवृत्त्यांची गोष्टही नावांच्या चमकेशी निगडित आहे. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आले आहे, पण ती संपूर्ण खर्च भागविणारी नव्हे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मोठा आधार आहे, यात शंका नाही. तथापि तिची पात्रता विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीतील स्थानावर ठरते, आणि संज्ञापनात, विशेषतः वक्तृत्वमीमांसेत, ज्यांचा लौकिक मोठा अशी काही अमेरिकी राज्य-विद्यापीठे त्या एकंदर यादीत बरीच खाली असतात, त्यामुळे विद्यार्थी विषय पाहून नव्हे तर यादी पाहून विद्यापीठ निवडतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीने तर भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. वर वर्णिलेला साखर कारखान्याचा विषय घेऊन त्या योजनेचे दार ठोठावणाऱ्या दलित किंवा भटक्या-विमुक्त विद्यार्थ्याला त्याच्या सर्वांत बळकट सामग्रीवरच पाणी सोडावे लागेल. परदेशात आपल्या समाजाविषयी प्रश्न विचारण्याची ऐपत ज्यांना स्वतःची आहे त्यांनीच ते विचारावेत, असा त्याचा परिणाम होतो. तो हेतू नसला तरी परिणाम तोच.

अमेरिकेबाहेरचा विचार करावयाचा तर, इंग्लंडात एम.ए. एका वर्षात संपते आणि पीएच.डी.साठी आधी मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार करून पक्का संशोधन-आराखडा द्यावा लागतो. अमेरिकेत निवड समिती करते, प्राध्यापकाला आधी पाठविलेल्या पत्राचा उपयोग मर्यादित. ॲमस्टरडॅम, सिंगापूरचे नानयांग आणि हाँगकाँगची विद्यापीठे या विषयात आता अमेरिकेच्या तोडीची मानली जातात, आणि हाँगकाँगची २००९ पासूनची पीएच.डी. फेलोशिप योजना वेतनाच्या दृष्टीने उदार आहे.

मायदेशी राहून डॉक्टरेट करणाऱ्यांपुढे निराळीच चाळणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पंचावन्न टक्क्यांची एम.ए. किंवा पंचाहत्तर टक्क्यांची चार वर्षांची पदवी पुरते. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणच पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याची सोय झाली, आणि ज्यांना कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळत नाही त्यांच्या बाबतीत त्या गुणांना सत्तर आणि मुलाखतीला तीस असे वजन ठरले. नेटच्या पत्रिकेत कोणता सिद्धान्त कोणाचा आणि कोणता आयोग कोणत्या साली, अशा पर्यायी उत्तरांचे प्रश्न येतात. अर्जदाराला काय शोधावयाचे आहे हे त्या पत्रिकेत कोठेच विचारले जात नाही, आणि तीस गुणांच्या मुलाखतीत विचारले गेलेच तर मार्गदर्शकाकडे रिकामी जागा आहे की नाही यावर गाडी अडते. तरीही, मराठी क्षेत्रावर काम करावयाचे असेल तर पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, हैदराबाद विद्यापीठ किंवा टाटा समाजविज्ञान संस्था येथे नाव नोंदवून, फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा-नऊ महिने अमेरिकेतील एखाद्या विभागात राहून यावे, हा मधला मार्ग कित्येकांना अधिक मानवण्यासारखा आहे. तेथील ग्रंथालय मिळते, वर्ग शिकविण्याची सक्ती नसते, आणि कर्जही होत नाही.

२०२५ सालाने या साऱ्या हिशेबात मोठी अनिश्चितता आणली. संघराज्य सरकारच्या अनुदानकपातीमुळे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी डॉक्टरेटच्या जागा कमी केल्या. मेअखेरीस विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे तहकूब झाल्या, आणि जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, असा हुकूम निघाला. राजकीय संज्ञापनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या आणि रोज त्याच विषयावर लिहिणाऱ्या तरुणाला ही अट इतरांपेक्षा अधिक जाचक होणार हे उघड आहे; काहींनी आपले जुने लेखन पुसून टाकले, काहींनी नावेच बदलली, आणि दोन-तीन वर्षांच्या लेखनातून जो लेखननमुना निघाला असता तो त्यात गेला. वेतनासह आलेल्या देकारावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करू नये असा अमेरिकेतील पदव्युत्तर विद्याशाळांच्या परिषदेचा ठराव आहे आणि बहुतेक विद्यापीठे तो पाळतात. म्हणून फेब्रुवारीत आलेल्या पहिल्या पत्रावर घाईने होकार न कळविता, तेथील सध्याच्या विद्यार्थ्यांना वेतन वेळेवर मिळते का, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ते काय करतात, आणि ज्या मार्गदर्शकासाठी आपण जाणार तो पुढची पाच वर्षे तेथे राहणार आहे का, या तीन चौकश्या ईमेलवर न करता प्रत्यक्ष बोलून कराव्यात. लेखी उत्तरे सगळीच गोड असतात.